सोलापूरची फॅमिली हॉटेलं: पोरांचा दंगा आणि शेजारचं टेबल

रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास सोलापुरातल्या कुठल्याही एसी फॅमिली हॉलमध्ये अर्धा तास बसलं, की शेजारच्या टेबलावरून हे येतंच: ‘काय बे ही पोरं! आईबापाला काही हाय का नाही?’ म्हणणारा मोठ्यानेच म्हणतो, कारण त्या हॉलमध्ये हळू बोललेलं समोरच्यालाही कळत नाही. हे परीक्षण त्या हॉलचं आहे, आणि त्याच्या जोडीने मटण खानावळी, इडली-डोशाची हॉटेलं, हायवेच्या कडेची गार्डन हॉटेलं आणि पार्क चौकातली चौपाटी यांचंही. चवीला गुण दिलेले नाहीत. लेकरू घेऊन आलेल्याला आणि लेकरू नसलेल्या शेजाऱ्याला तिथे किती निवांत जेवता येतं, एवढंच पाहिलंय. नावं घेतलेली नाहीत. एका प्रकारच्या हॉटेलांतले दोष इथून तिथून सारखेच आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. पोरांच्या गोंगाटातला मोठा हिस्सा छताचा, फरशीचा आणि भटारखान्यातून पानं कोणत्या क्रमाने निघतात त्याचा असतो. संस्कारांचा हिस्सा आहे, पण तो या तिन्हींच्या मागून येतो.

नेहमीचा एसी हॉल धरा: ४० बाय २६ फूट, उंची साडेअकरा. खाली ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपीचं गुळगुळीत छत, रस्त्याच्या बाजूला काच, टेबलांवर सनमायका. यातली एकही वस्तू आवाज पीत नाही. त्यांचा ध्वनिशोषणाचा गुणांक साधारण ०.०१ ते ०.०५, म्हणजे आदळलेल्या आवाजातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग परत हॉलमध्येच येतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचं सूत्र सोपं आहे: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ने गुणा, एकूण शोषणाने भागा. आवाज ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात ते मिळतं. या मापाचा हॉल ३३९ घनमीटरचा होतो. त्यात साठ माणसं बसलेली असली (आवाज पिण्याचं काम तिथे मुख्यतः माणसांचे कपडेच करतात) तर उत्तर येतं सुमारे १.३५ सेकंद. तीसच माणसं असली तर २ सेकंद. बोलण्यातलं एक अक्षर सेकंदाच्या पाचव्या भागात संपतं, तेव्हा मागची पाच-सहा अक्षरं अजून हवेत असताना पुढचं येऊन त्यांच्यात मिसळतं. जेवणाच्या खोलीला ०.६ ते ०.८ सेकंद पुरेत.

यातून एक गोष्ट निघते, जी हॉटेलवाल्यांच्याही लक्षात येत नाही. संध्याकाळी सात वाजता अर्धा हॉल रिकामा असताना एकाच पोराची आरोळी जास्त बोचते. माणसं कमी असल्यामुळे हॉल जास्त घुमतो आणि आरोळीला झाकणारी कुजबुजही नसते. लोक मात्र म्हणतात, ‘एकच पोरगं आहे, पण बघा कसं हॉल डोक्यावर घेतलंय.’ हॉलच तसा बांधलाय की.

मग साडेआठनंतर दुसरा प्रकार सुरू होतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलं, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एका टेबलाने चढवला की दुसरं चढवतं. भरलेला हॉल ७५ ते ८५ डेसिबलवर जाऊन बसतो. दोन माणसांचं साधं बोलणं एक मीटरवरून ६०च्या आसपास असतं. मोठ्यांच्या या गजरात तीन वर्षांच्या पोराला आईचं लक्ष वेधायचं तर त्याला ओरडावंच लागतं. तरीही नजरेत येतं ते पोरगं, कारण आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो आणि लेकराच्या किंचाळीतला बराच जोर त्याच पट्ट्यात पडतो. पुरुषांचं हसणं खालच्या पट्टीतलं. डेसिबल तेवढेच असले तरी ते खपून जातं.

मोबाइलवरच्या कार्टूनचंही असंच आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर काढता येत नाहीत, म्हणून जे निघतं ते सगळं त्याच टोचणाऱ्या पट्ट्यात. चार टेबलं पलीकडे शब्द कळत नाहीत, पण किणकिण पोचते. आवाज बंद करून फोन दिला तर शेजाऱ्याची काही तक्रार असू नये. पोराला फोन द्यावा की नाही हा त्या घरचा प्रश्न. स्पीकर चालू ठेवून दिला तर तक्रार रास्त आहे, आणि त्याच हॉलमध्ये स्पीकरवर रील बघत बसलेल्या काकांनाही ती तितकीच लागू आहे. त्यांना कोणी बोलत नाही, हा भाग वेगळा.

हॉटेलवाले यावर काय करतात? भिंतीला थर्माकोलचे किंवा पीव्हीसीचे उठावदार पॅनेल चिकटवतात. दोन्ही निरुपयोगी. थर्माकोलच्या पेशी बंद असतात, हवा आत शिरत नाही, त्यामुळे आवाजही शिरत नाही. वर आग लागली तर काळा धूर. पीव्हीसीचा तक्ता म्हणजे प्लास्टिकची भिंतच. आवाज पिणाऱ्या वस्तूतून हवा आरपार जायला हवी, आणि तिला जाडी हवी.

इथे सोलापूरकरांना हसावं की रडावं कळत नाही. ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावच्या हॉलमध्ये कापडाचा एक तुकडा भिंतीवर नाही. करायचं ते असं: दोन इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे) तक्ते लाकडी चौकटीत बसवायचे, वरून जाळीदार विणीचं सुती कापड ताणायचं, आणि चौकट भिंतीपासून किंवा छतापासून तीन-चार इंच सोडून टांगायची. कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारायची; हवा पलीकडे गेली तर चालेल, अडली तर ते कापड पडद्याला ठेवा. जुनी जाड चादर या फुंकरीत नापास होऊ शकते, टॉवेलची सैल वीण पास होते. वरच्या मापाच्या हॉलला साधारण ५४० चौरस फूट, म्हणजे अर्धं छत झाकेल एवढं काम लागतं. तेवढ्याने १.३५ सेकंदांचे ०.७ होतात. आवाज कागदावर तीनच डेसिबल उतरतो, पण लोंबारचं चक्र उलटं फिरायला लागतं: लोक आपोआप हळू बोलतात आणि उतार त्याहून जास्त मिळतो. तंदूर आणि भटारखान्याच्या दारापासून ही पॅनेलं लांब ठेवा, कापडाला अग्निरोधक प्रक्रिया करून घ्या, आणि कव्हर काढून धुता येईल असं शिवा. तेलकट वाफेने विणीची भोकं बुजली की वर्षभरात पॅनेलची भिंत होते.

एवढा खर्च नको असेल तर खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला आणि उष्टी ताटं गोळा करायच्या टबात तळाला रबराची चटई टाका. स्टीलचं ताट स्टीलच्या टबात पडतं तो खणका कोणत्याही पोराच्या रडण्यापेक्षा जास्त लेकरांना जागं करतो. मांडीवर झोपलेलं बाळ दचकून उठतं ते याच आवाजाने, आणि पुढची वीस मिनिटं नाव त्या बाळाचं.

गिऱ्हाइकासाठी एक कसोटी: टेबल निवडण्याआधी हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण राहिली तर काचेपासून, टीव्हीपासून आणि भटारखान्याच्या दारापासून लांबचा कोपरा मागा. उंच पाठीच्या सोफ्याचं टेबल असेल तर तेच घ्या. पोर सोफ्याच्या आतल्या बाजूला बसलं की पळायची वाट बंद होते आणि त्याचा आवाज पाठीला अडतो. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर फार विसंबू नका. दोन हॉलांतला फरक कळायला ठीक, आकडा म्हणून नाही. एसी फॅमिली हॉलला दहापैकी ४. पॅनेल लावलेला सापडला तर ७.

आता भटारखाना. पाच वर्षांखालचं पोर बसल्यापासून दहा मिनिटांत तोंडात काही गेलं तर बहुतेक वेळा शांत राहतं. चाळीस मिनिटं लागली तर कोणाचंच राहत नाही, मग घर कुठलंही असो. चूक होते ती केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर. ऑर्डर घेणारा कॅप्टन स्टार्टर, भाजी, रोटी, पोराचा भात हे सगळं एकाच केओटीत लिहितो, आणि आत ती ऑर्डर सगळ्यात हळू पदार्थाच्या वेगाने चालते. कबाब तंदुरात पंधरा-वीस मिनिटं घेतात. रविवारी तंदूर एक आणि रोटीची रांग मोठी. पोराचा दहीभात पाच मिनिटांत होऊन बाकीच्यांची वाट बघत पडून राहतो. म्हणून बसताक्षणी कॅप्टनला सांगायचं: ‘लेकराचा केओटी आधी वेगळा फाडा, तयार झाला की लगेच आणा, आमच्यासाठी थांबू नका.’ हे वाक्य बेबी चेअरपेक्षा जास्त कामाचं आहे.

काय मागवायचं? मांसाहारी हॉटेलात अळणी सूप. मटण आधी हळद-मीठ-आलं-लसणात शिजतं, मसाला नंतर पडतो. त्यामुळे अळणी कायम तयार असतं, वाटीत ओतायचाच अवकाश. त्यात भात कुस्करला की पोराचं जेवण झालं. फक्त हाडाची किरच नाही ना ते बोटांनी चाचपून बघा. शाकाहारीत दही आणि कडक भाकरी. ज्वारीची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, म्हणून सोलापुरात ती बहुतेक ठिकाणी करून ठेवलेली असते. तीन वर्षांच्या पुढचं पोर तिचा तुकडा दहा मिनिटं कुरतडत बसतं. त्याहून लहानांना देऊ नका, टोकदार कपचा घशात अडकतो. त्यांना तीच दह्यात किंवा वरणात भिजवून द्या. शेंगाचटणी पोराच्या पानात वाढू द्यायची नाही, तिखटाने सुरू झालेलं रडं पाण्याने थांबत नाही. दूध किंवा दही लागतं. आणि पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे नकोच. बिलाबरोबर बडीशेपेच्या वाटीत कधी कधी खारे दाणे येतात, तिकडे लक्ष असू द्या.

पळणाऱ्या पोराला आवरायचं ते शिस्तीसाठी नंतर, आधी रश्श्यासाठी. रश्श्यावर तर्री असते, आणि तेलाचा तो थर वाफ दाबून धरतो. वाटी शांत दिसते, आत उकळता रस्सा. वेटर अशा चार वाट्या एका ताटात घेऊन येतो, त्याची नजर टेबलांच्या उंचीवर आणि पोराचं डोकं त्याच्या कमरेखाली. ६० अंशांचं पाणीसुद्धा लहान पोराच्या कातडीला काही सेकंदांत खोल भाजतं. तेल चिकटून राहतं म्हणून त्याहून वाईट. त्यामुळे गोंगाटाला कितीही सहन करा, दोन टेबलांमधल्या वाटेवर पळणं अजिबात नाही. इथे वेटरने थांबून ‘गरम आहे, पोराला घ्या’ असं मोठ्याने म्हणावं आणि कोणी त्यावर रुसू नये. भाजलंच तर कपडा लगेच बाजूला करा (चिकटला असेल तर ओढू नका), नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा.

बेबी चेअर मागितली की बहुतेक ठिकाणी येते. पट्टा असलेली क्वचित येते. दोन पायांमधून येणारा पट्टा नसेल तर पोर खाली सरकत जातं आणि ट्रेमध्ये मान अडकते. पाय पसरट आहेत का बघा. खुर्ची टेबलाला इतकी चिकटवू नका की पोराचे पाय टेबलाच्या कडेला टेकतील. ते पायाने रेटतं आणि खुर्चीसकट मागे जातं. वाटेत ठेवू नका, भिंतीच्या बाजूला ठेवा. टेबलावर लोंबणारं कापड असेल तर ते काढायला सांगा, आणि कुठलीही गरम वाटी पोराच्या हातापासून दोन वीत लांब.

गार्डन हॉटेलांकडे येऊ. पुणे रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड, तिन्हीकडे आहेत. उघड्यावर छत नाही म्हणजे घुमणं नाही; तेच पोर, तीच आरोळी, आणि शेजारी मान वळवत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या गावात अंधार पडल्यावर तिथे बसायला मिळणं हेच मोठं सुख. पण खेळाची जागा बघून घ्या. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी फूटभर जाडीची वाळू हवी. असतात पेव्हर ब्लॉक, किंवा त्यावर अंथरलेलं प्लास्टिकचं गवत, जे पडणाऱ्या डोक्याला काहीच वाचवत नाही. पत्र्याची घसरगुंडी दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळीही तापलेली असते, आधी हाताचा तळवा लावा. ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच पोर. मोठं आणि छोटं एकत्र उड्या मारतात तेव्हा मोठ्याच्या वजनाचा झोका छोट्याला वर फेकतो, हात मोडतो तो असाच. सगळ्यात वाईट म्हणजे खेळाची जागा आणि पार्किंग लागूनच, मध्ये दोन फुटांची झुडपं. मागे घेणाऱ्या गाडीच्या चालकाला तीन फुटांचं पोर दिसत नाही. पक्कं कुंपण आणि मोठ्यांच्या उंचीवर कडी असलेलं फाटक असेल तर ७, नाहीतर ५. आणि ‘खेळायला जा’ म्हणून पोर पाठवून मोठे टेबलावर बसून राहिले तर ती जागा कितीही चांगली असो, गुण शून्य.

मटण खानावळीत प्रश्नच कमी. बसलं की दहा मिनिटांत ताट, अर्ध्या तासात उठणं. पोराला कंटाळायला वेळ मिळत नाही, आणि खानावळीत शांतता विकत घ्यायला कोणी येत नाही. फक्त ‘फॅमिली रूम स्वतंत्र’ या पाटीला भुलू नका. ती बहुतेकदा मागची दहा बाय बाराची बंद खोली, चारही बाजूंना टाइल. एका पोराच्या आवाजानेच ती घुमून जाते. बाहेरच्या हॉलमध्ये बसा. खानावळीला ७. इडली-डोशाच्या हॉटेलला ८: इडली वाफेवर तयारच, पंखे चालू, खिडक्या उघड्या, आणि सकाळची वेळ, जेव्हा पोरंही ताजी असतात आणि मोठेही. पार्क चौकातल्या चौपाटीवर पोराचा आवाज कोणाच्या कानावर पडत नाही. तिथे बघायचं ते गाड्यावरच्या उकळत्या कढया आणि रस्त्यावरची वाहनं. हात धरून उभं राहा, खाऊन निघा.

हात धुवायच्या जागेबद्दल मात्र हॉटेलवाल्यांची बाजू घ्यावी लागेल. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची ज्या शहराला सवय आहे, तिथे पोर बेसिनचा नळ सोडून खेळत बसलं की गल्ल्यावरच्या मालकाच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. टँकरचे पैसे तोच देतो. दाबून सोडला की आपोआप बंद होणारा नळ लावा, आणि पोरांच्या उंचीची एक बेसिन, म्हणजे बापाला उचलून धरावं लागणार नाही.

सहन किती करायचं? सरळ हिशोब असा धरता येतो. तान्ह्या बाळाचं रडणं: पूर्ण सहन, डोळे वटारायचे नाहीत, त्याला शांत करणाऱ्या माणसाला जरा वाट करून द्यायची. दोन ते चार वर्षांच्या पोराचा हट्ट: पाच मिनिटं, तोवर घरच्यांनी त्याला घेऊन बाहेर दोन चकरा मारलेल्या असाव्यात. सहा वर्षांच्या पुढचं पोर दुसऱ्याच्या टेबलाखालून फिरत असेल तर ते घरच्यांवर. बाहेर चकरा मारायला कोण उठतं, हेही बघा. जवळजवळ प्रत्येक टेबलावरून आईच उठते, तिचं ताट गार होतं, बाप बोटं चाटत असतो, आणि शेजारी ‘आईला काही वळण नाही’ म्हणतात. पाळी लावा: पहिली भाकरी एकाची, दुसरी दुसऱ्याची.

शेजाऱ्याला त्रास होत असेल तर त्याने पोराशी बोलू नये, त्याला चॉकलेट देऊ नये, आईबापालाही थेट सुनावू नये. कॅप्टनला बोलवायचं आणि म्हणायचं, ‘दादा, आम्हाला दुसरं टेबल मिळेल का?’ कॅप्टनला बाकीचं कळतं. जाणता कॅप्टन त्या टेबलाशी जाऊन ‘ताई, बाळाला काय आणू?’ असं विचारतो, कडक भाकरी किंवा वाटीभर दही आणून ठेवतो, आत अडकलेली ऑर्डर पुढे काढतो. नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं. अडाणी कॅप्टन लांबून बोट दाखवून पोराला दटावतो, आणि मग दोन टेबलांचं भांडण तीन टेबलांचं होतं.

‘लहान मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावता येईल का, हा प्रश्न अलीकडे ऐकू येतो. राज्यघटनेच्या १५(२) कलमात हॉटेलं आणि उपाहारगृहांत प्रवेश नाकारण्याविरुद्ध संरक्षण आहे ते धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांच्या आधारे. वयाचा उल्लेख त्यात नाही. दक्षिण कोरियात अशा पाट्यांचा प्रकार बराच पसरला, आणि २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जेजू बेटावरच्या एका रेस्तराँने तेरा वर्षांखालच्यांना घातलेली बंदी भेदभाव ठरवली. सोलापुरात अशी पाटी लावणारा पहिल्याच महिन्यात गल्ला मोजून पाटी उतरवेल, कारण इथे बाहेर जेवायला जातं ते अख्खं घर, आजीसकट. त्यापेक्षा रात्री साडेसात ते साडेआठ ही वेळ लेकरांच्या टेबलांसाठी खुली ठेवा, केओटी जलद काढा. नऊनंतर शांत जेवणाऱ्यांचा कोपरा वेगळा करा. एका मजल्यावर दोन हॉल असतील तर हे फुकटात होतं.

आणि वाढदिवस. ज्या हॉलमध्ये पोराच्या रडण्यावर लोक कपाळाला आठ्या घालतात, त्याच हॉलमध्ये अचानक सगळे दिवे बंद होतात, मोठ्या स्पीकरवर गाणं लागतं, पार्टी पॉपर फुटतात, आणि कोणी चकार शब्द काढत नाही. अंधार आणि धमाका एकदम झाल्याने आसपासची दोन-तीन बाळं हमखास रडायला लागतात. फवाऱ्याच्या फेसाच्या डब्यात ज्वलनशील वायू असतो. पेटत्या मेणबत्तीवर तो मारला तर भडका उडतो, केसांना आणि चेहऱ्याला भाजतं. गॅसचे फुगे हायड्रोजनचे असले तर मेणबत्तीजवळ तेही तसेच. हॉटेलने फेस आणि पॉपर दारातच ठेवून घ्यावेत, दिवे मंद करावेत पण विझवू नयेत, गाणं त्या टेबलापुरतं वाजवावं. लेकरू घेऊन जाणार असाल तर टेबल सांगायला फोन कराल तेव्हा एवढं विचारून घ्या: आज हॉलमध्ये वाढदिवस किती आहेत आणि केक किती वाजता कापणार. नऊ वाजता म्हणाले तर पावणेनऊला बिल मागवा.